संगणक सुरू होतो, पण हार्ड डिस्क दिसत नाही!

घरात संगणक असणे ही आता श्रीमंतीची खूण राहिलेली नाही. कुणी मुलीच्या बारावीनंतर हप्त्याने नवा घेतला, कुणी कार्यालयाच्या लिलावात निघालेला जुना घेतला, तर कुणाला साहेबांनी बदलीच्या वेळी आपला वापरलेला देऊन टाकला. संगणक नवा असो की जुना, वर्ष-दोन वर्षांत त्याच्या पोटात घरातले सारे काही जाऊन बसते. मुलांच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या प्रती, मंडळाचा जमाखर्च, लग्नाचे फोटो आणि कधी कधी आता हयात नसलेल्या आई-वडिलांचे एकुलते एक छायाचित्रसुद्धा.

आणि मग एके सकाळी बटण दाबले की दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडद्यावर विंडोज येण्याऐवजी काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे उमटतात. ‘नो बूटेबल डिव्हाइस’, ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’, ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’, किंवा जुन्या संगणकांवर ‘डिस्क बूट फेल्युअर’. शब्द वेगवेगळे असले तरी सांगणे एकच. ज्या हार्ड डिस्कवरून काम सुरू करायचे, ती मला सापडत नाही.

अशा वेळी घराघरांत काय होते ते आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. वडील मुलाला म्हणतात, “तूच काहीतरी गेम टाकलास.” मुलगा बहिणीकडे बोट दाखवतो. शेजारचा कुणी जाणता येऊन “डिस्क उडाली” असा निकाल देतो आणि दुकानदार “नवी टाका, जुन्यातले आता विसरा” असे सांगून काही हजारांचा अंदाज देतो. वास्तविक ‘दिसत नाही’ आणि ‘मेली’ या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. डिस्क न दिसण्याची निम्मीअधिक कारणे वायर, बॅटरी किंवा एखादी बदललेली सेटिंग अशी किरकोळ असू शकतात. ती घरच्या घरी, फुकटात किंवा अगदी थोड्या खर्चात तपासता येतात.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पेशाने कारकून. संगणक अभियंते नव्हे. परंतु ताळेबंद जुळत नसेल तर वही फाडायची नसते, एकेक नोंद क्रमाने तपासायची असते, हे आम्हांला नोकरीने शिकवले. संगणकालाही हीच रीत लागू पडते. सबब पुढील माहिती क्रमवार देत आहोत. वाचकांनी हा अंक जपून ठेवावा.

सुरुवातीला नेमके काय घडते?

बटण दाबल्याबरोबर विंडोज सुरू होत नाही. आधी जागा होतो तो मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम बसवलेला छोटा कार्यक्रम. जुन्या संगणकात त्याला बायोस म्हणतात, नव्यात यूईएफआय. बोलताना लोक दोहोंनाही बायोसच म्हणतात; आपणही तसेच म्हणू. हा बायोस शाळेतल्या हजेरीसारखा पुकारा करतो. मेमरी हजर आहे का? कळफलक आहे का? कोणकोणत्या डिस्का जोडलेल्या आहेत? ज्या डिस्कने ओ दिली तिचे नाव तो यादीत घेतो. मग ठरवून दिलेल्या क्रमाने एकेका डिस्कवर विंडोज सुरू करणारी नोंद शोधतो. ती सापडली की पुढचा कारभार विंडोजच्या हाती जातो.

म्हणजे गडबड दोन ठिकाणी होऊ शकते. एक तर डिस्कने हजेरीलाच ओ दिली नाही. नाहीतर डिस्क हजर आहे, पण तिच्यावरची सुरुवातीची नोंद सापडली नाही किंवा बायोस भलत्याच डिस्कवर शोधत बसला. यांपैकी कोणते घडले हे कळल्याखेरीज कशालाही हात लावू नये.

पहिली तपासणी : बायोस काय म्हणतो?

संगणक चालू करताच डिलीट किंवा एफ २ ही कळ सावकाश पुन्हा पुन्हा दाबत राहावी. एचपीच्या संगणकांवर बहुधा एस्केप किंवा एफ १० लागते. डेल आणि लेनोवोच्या बऱ्याच संगणकांवर एफ १२ ने फक्त सुरुवातीच्या डिस्कांची यादी उघडते. पहिल्या पडद्यावर तळाशी कोणती कळ दाबायची ते बहुधा लिहिलेले असते.

आत गेल्यावर स्टोरेज, साटा किंवा बूट अशा नावाच्या पानावर जावे. तिथे आपल्या डिस्कच्या कंपनीचे नाव, मॉडेलचा क्रमांक आणि आकार दिसतो का ते पाहावे. नुसते पाहावे; काही बदलू नये. मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवावा. संगणक ठणठणीत असतानाच हे फोटो काढून ठेवले तर फारच उत्तम, कारण बिघाडानंतर ‘आधी काय होते’ हे सांगणारा तोच एक साक्षीदार असतो.

नाव दिसत असेल तर निम्मी चिंता मिटली. डिस्कला वीज पोहोचते आहे आणि ती बोलते आहे. नाव दिसत नसेल तर वायर, वीज, मदरबोर्डवरील जागा किंवा खुद्द डिस्क यांकडे वळावे लागेल.

पेटी न उघडता करायच्या गोष्टी

सर्वप्रथम संगणकाला लावलेले पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची डिस्क, चार्जिंगला लावलेला मोबाइल हे सर्व काढून टाकावे आणि पुन्हा सुरू करून पाहावे. रात्री मुलाने लावलेला पेन ड्राइव्ह तसाच राहिला, बायोसने सकाळी आधी त्यालाच विचारले आणि उत्तर न मिळाल्याने हात वर केले, असे सर्रास घडते.

दुसरे, वीज पूर्णपणे तोडावी. बोर्डावरचे बटण बंद करून प्लग काढावा, लॅपटॉप असल्यास चार्जरही काढावा आणि मग संगणकाचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. आत साठून राहिलेली वीज त्याने निघून जाते. पाच मिनिटांनी पुन्हा जोडावा. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ केल्यावरही संगणक पुढच्या सुरुवातीची थोडी तयारी मनात ठेवूनच झोपतो, त्यामुळे हा खरा आराम त्याला एरवी मिळतच नाही.

एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क असेल आणि ती वीज अचानक गेल्यानंतर दिसेनाशी झाली असेल, तर आणखी एक उपाय करण्याजोगा आहे. संगणक बायोसच्या पडद्यावर तसाच वीस-तीस मिनिटे चालू ठेवावा, मग बंद करून अर्धा मिनिट प्लग काढावा आणि हेच एकदा पुन्हा करावे. काही एसएसडी या अवधीत आपली आतली मोडलेली नोंदवही स्वतःच नीट लावून घेतात आणि पुन्हा दिसू लागतात.

घड्याळ मागे पडले आहे काय?

बायोसमध्ये तारीख पाहावी. ती दहा-पंधरा वर्षे मागची दिसत असेल तर गुन्हेगार जवळजवळ सापडलाच. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी एक चपटी बॅटरी असते. तिच्यावर ‘सीआर २०३२’ असे लिहिलेले असते आणि ती ३ व्होल्टची असते. प्लग काढलेला असताना घड्याळ आणि सेटिंग जपण्याचे काम तिच्याकडे असते. काही वर्षांनी ती संपली की बायोस आपल्या सेटिंग विसरतो आणि कारखान्यातून आल्यावेळच्या सेटिंगवर जातो.

यात दोन सेटिंग महत्त्वाच्या. पहिली, ‘साटा मोड’. तिथे एएचसीआय, आयडीई किंवा रेड असे पर्याय असतात. विंडोज ज्या मोडमध्ये टाकले गेले तो बदलला, तर डिस्क यादीत दिसते पण विंडोज निळा पडदा दाखवून थांबते. दुसरी, ‘यूईएफआय’ की ‘लेगसी’. विंडोज एका पद्धतीने टाकलेले आणि बायोस दुसऱ्या पद्धतीने शोधणारा, असे झाले की डिस्क डोळ्यांसमोर असूनही ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ हेच उत्तर मिळते. सेटिंग पूर्ववत केली की संगणक काहीच न घडल्यासारखा सुरू होतो.

घड्याळवाल्याकडे किंवा विजेच्या वस्तूंच्या दुकानात ही बॅटरी सहज आणि स्वस्तात मिळते. ती बदलावी, तारीख-वेळ नीट लावावी आणि जपून ठेवलेल्या फोटोंवरून सेटिंग जुळवाव्यात. फोटो नसतील तर एका वेळी एकच सेटिंग बदलावी, कागदावर लिहून ठेवावी आणि उपयोग झाला नाही तर ती मूळपदावर आणून मग दुसरीला हात लावावा.

एक सावधगिरी. विंडोज १० आणि ११ च्या बऱ्याच संगणकांवर डिस्कवरील मजकूर बिटलॉकर नावाच्या कुलपात असतो. बायोसमध्ये काही बदल केले तर हे कुलूप ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली बहुतेक वेळा संगणक सुरू करताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने नोंद केली त्या खात्यात ठेवलेली असते. ती आजच शोधून वहीत उतरवून ठेवावी. किल्ली हरवली तर डिस्क निरोगी असूनही आतला मजकूर कुणालाही उघडता येत नाही.

आता पेटी उघडू

लॅपटॉप नवखा असताना उघडू नये, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर मेजावरच्या संगणकालाही हात लावू नये. एरवी पेटीची बाजूची पत्रा-झडप दोन स्क्रू काढले की निघते. आधी प्लग काढावा. आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगातील स्थिर वीज निघून जाते. पायाखाली गालिचा किंवा अंगात टेरिलिनचा सदरा असेल तर हे विशेष सांभाळावे.

आत पहिले दर्शन होते ते धुळीचे. आपल्याकडच्या घरांत रस्त्याकडेच्या खिडकीजवळ किंवा स्वयंपाकघराला लागून संगणक असतो. धूळ, फोडणीचा तेलकट धूर आणि पावसाळ्यातील दमट हवा यांचा थर जोडांवर बसतो. झुरळे आणि पाली आत घर करतात, उंदीर वायर कुरतडतात. मऊ कोरड्या ब्रशने हलक्या हाताने धूळ काढावी. ओले फडके मुळीच नको.

डिस्कला दोन वायरी जोडलेल्या असतात. रुंद जोड विजेचा, अरुंद जोड मजकुराचा. या साटा वायरी नुसत्या घर्षणावर बसलेल्या असतात. केर काढताना पेटी सरकवली, घर बदलताना टेम्पोतून नेली, की त्या तिरक्या होतात. दोन्ही वायरी डिस्कच्या बाजूने आणि दुसऱ्या टोकाने काढून पुन्हा सरळ, घट्ट बसवाव्यात. इतक्यानेच बरे झालेले संगणक आम्ही अनेक पाहिले आहेत.

तरीही डिस्क दिसली नाही तर पुढील बिनखर्चाची परीक्षा घ्यावी. सीडी-डीव्हीडीची पेटी असेल तर तिच्या दोन वायरीही याच जातीच्या असतात. त्या काढून हार्ड डिस्कला लावाव्यात. डिस्क दिसू लागली तर दोष जुन्या वायरीचा, आणि नवी साटा वायर अगदी थोड्या पैशांत मिळते. त्यानंतर मदरबोर्डवरची जागा बदलून पाहावी. एकाशेजारी एक अशा तीन-चार साटा जागा असतात. त्यांतली एखादी निकामी झालेली असू शकते.

मग विजेकडे पाहावे. मेजावरच्या संगणकातील मोठ्या, साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ व्होल्टवर फिरते आणि तिचे आतले परिपथ ५ व्होल्टवर चालते. एसएमपीएस म्हणजे विजेचा डबा म्हातारा झाला की पंखे फिरतात, दिवा लागतो, पण डिस्कला फिरायला पुरेशी ताकद मिळत नाही. संगणक चालू करून डिस्कच्या कडेला बोट टेकवावे. बारीक थरथर जाणवली तर डिस्क फिरते आहे. काहीच जाणवले नाही तर ओळखीच्या संगणकातून चांगला एसएमपीएस लावून पाहावा. एका जातीच्या वायरीवरून दुसऱ्या जातीची करणाऱ्या अतिस्वस्त जोडपट्ट्या मात्र वापरू नयेत. त्या तापून वितळल्याची उदाहरणे आहेत.

२००५ च्या आसपासचे वा त्याआधीचे संगणक अजून काही वाचनालयांत आणि कार्यालयांत पडून आहेत. त्यांत साटाऐवजी रुंद पट्टीची आयडीई वायर असते. तिच्या एका कडेला असलेली रंगीत रेघ पहिल्या क्रमांकाच्या पिनेकडे यावी लागते. एका पट्टीवर दोन डिस्का असतील तर मागच्या चिमुकल्या जंपरने एक ‘मास्टर’ आणि दुसरी ‘स्लेव्ह’ ठरवावी लागते. दोघीही मास्टर झाल्या की एकही धड ओ देत नाही.

नवी डिस्क घेतली आणि तीच दिसेना

अलीकडे जुन्या संगणकाला वेग यावा म्हणून एसएसडी बसवून घेण्याची पद्धत वाढली आहे. हा खर्च सार्थकी लागतो, पण दुकानातून डिस्क घेताना एक गोष्ट विचारावी. च्युइंगमच्या कांडीएवढ्या ज्या एम.२ डिस्का मिळतात, त्या दिसायला सारख्या असल्या तरी दोन जातींच्या असतात, साटा आणि एनव्हीएमई. मदरबोर्डवरची जागा यांपैकी एकीलाच ओळखणारी असेल तर दुसरी त्या जागेत बसूनही दिसणार नाही. शिवाय काही मदरबोर्डांवर एम.२ ची जागा वापरली की साटाची एखादी जागा आपोआप बंद होते. नवी डिस्क बसवल्याबरोबर जुनी दिसेनाशी झाली तर जुनीची वायर शेजारच्या जागेत लावून पाहावी.

डिस्क बायोसमध्ये दिसते, विंडोजही सुरू होते, पण ‘धिस पीसी’ मध्ये नव्या डिस्कचे चिन्ह नाही, अशी तक्रारही वारंवार येते. कोऱ्या डिस्कची आखणी झालेली नसते एवढाच त्याचा अर्थ. डिस्क मॅनेजमेंट या कार्यक्रमात जाऊन ती ‘इनिशिअलाइझ’ करावी लागते. २ टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्कला तिथे एमबीआर न निवडता जीपीटी निवडावे, कारण एमबीआर या जुन्या पद्धतीला २ टेराबाइटपलीकडची जागा मोजताच येत नाही.

इंटेलच्या अकराव्या पिढीनंतरच्या पुष्कळ लॅपटॉपवर नव्याने विंडोज टाकताना डिस्कच सापडत नाही. तिथे डिस्क शाबूत असते. व्हीएमडी नावाची सोय चालू असल्याने इंटेलचा एक ड्रायव्हर आधी द्यावा लागतो. माहिती नसलेला कारागीर अशा वेळी चांगली डिस्क बदलायला लावतो.

हे सर्व कोऱ्या डिस्कबद्दल झाले. ज्या डिस्कवर आपला मजकूर आहे ती जोडल्यावर संगणकाने “इनिशिअलाइझ करा” किंवा “वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा” असे विचारले, तर उत्तर एकच : कॅन्सल. बिघाडापेक्षा या एका बटणाने घालवलेला मजकूर कमी नसेल.

आवाज ऐकावा

फिरत्या तबकडीच्या डिस्का मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात. मजकूर वाचणारी सूक्ष्म टोके तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावर तरंगत असतात. डिस्कमधून ठरावीक लयीत ‘टक्... टक्... टक्’ असा आवाज येत असेल तर ही टोके बिघडल्याची किंवा तबकडीवरची आपली जागा त्यांना सापडत नसल्याची ती खूण असते. अशा वेळी तत्काळ वीज बंद करावी. “आणखी एकदा चालू करून बघू” या मोहात पडू नये. प्रत्येक वेळी टोक तबकडीवर घासून मजकुराचा थर खरवडला जाण्याची शक्यता असते.

डिस्क फ्रीजमध्ये ठेवणे, टेबलावर आपटणे, झाकण उघडून आत फुंकर मारणे हे उपाय कुणी सांगितले तरी करू नयेत. फ्रीजमधून काढलेल्या डिस्कवर आत दव जमते, आणि उघडलेल्या डिस्कमध्ये धुळीचा एक कणही त्या टोकाला डोंगरासारखा असतो. तशाच दुसऱ्या डिस्कचे हिरवे सर्किट काढून हिला लावण्याचा जुना उपायही आता सहसा चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कच्या सर्किटवर तिच्या एकटीची मापे नोंदलेली असतात.

‘दिसत नाही’ म्हणजे ‘गेले’ नव्हे : २००९ चा धडा

या बाबतीतील एक गाजलेले प्रकरण सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. सीगेट कंपनीच्या बॅराकुडा ७२००.११ या मालिकेतील काही डिस्का, आदल्या दिवशीपर्यंत उत्तम चालत असताना, सकाळी संगणक सुरू करताच बायोसमधून अदृश्य होऊ लागल्या. आवाज नाही, धक्का नाही, कुठली पूर्वसूचना नाही. जानेवारी २००९ मध्ये कंपनीने मान्य केले की डिसेंबर २००८ पर्यंत बनवलेल्या काही डिस्कांच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या अंतर्गत कार्यक्रमात, दोष आहे आणि त्यामुळे वीज चालू करताना डिस्क अडकून बसते. तबकडीवरचा मजकूर मात्र जसाच्या तसा होता. कंपनीने सुधारित फर्मवेअर मोफत देऊ केले आणि अडकलेल्या डिस्कांमधील मजकूर काढून देण्याची मोफत सेवाही जाहीर केली. घाईने काढलेल्या पहिल्या सुधारणेने आणखी काही डिस्का अडकल्या, म्हणून ती मागे घेऊन दुसरी काढावी लागली.

ज्यांनी डिस्क दिसत नाही म्हणून ती भंगारात दिली, त्यांचा मजकूर गेला. ज्यांनी ती कपाटात जपून ठेवली आणि चौकशी केली, त्यांना तो परत मिळण्याची वाट मोकळी राहिली. बायोसचा नकार हा अखेरचा निवाडा समजू नये.

आधी मजकूर, मग दुरुस्ती

आमच्या ओळखीच्या एका घरी मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला चार दिवस उरले असताना डिस्क दिसेनाशी झाली. सर्व कागदपत्रांच्या प्रती तीत होत्या आणि मूळ कागद गावी चुलत्यांकडे. एका दुकानात तिच्या वडिलांना सांगण्यात आले की डिस्क मेली आहे, नवी घालून विंडोज टाकून देतो, जुनी इथेच ठेवा. वडिलांनी विचार करून सांगतो म्हणत ती परत आणली. दुसऱ्या संगणकाला कन्व्हर्टर वायरने जोडल्यावर ती डिस्क पहिल्याच झटक्यात दिसली. बिघाड त्यांच्या मदरबोर्डवरील साटाच्या जागेचा होता. मुलीने त्याच संध्याकाळी आपले कागद पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले आणि अर्ज वेळेत गेला. डिस्क दुकानात राहिली असती तर तिचे एक वर्ष कोणत्या बिलात धरले असते?

सबब दुसऱ्या संगणकावर जोडून पाहणे ही परीक्षा कधीही टाळू नये. साटा ते यूएसबी वायर किंवा डबी बाजारात मिळते. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क यूएसबीच्याच विजेवर चालते; मेजावरच्या संगणकातील साडेतीन इंची डिस्कला मात्र १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असलेला संच घ्यावा. मोहल्ल्यातील चार-पाच घरांनी वर्गणी काढून असा एक संच ठेवला तर सर्वांनाच उपयोगी पडेल.

डिस्क दिसू लागली की पहिले काम मजकूर उतरवून घेण्याचे. सर्वांत आधी पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टी, म्हणजे दाखले, फोटो, हिशेब, मग बाकीचे. सिनेमे आणि गाणी अगदी शेवटी. मजकूर हाती येण्यापूर्वी ‘चेक डिस्क’ सारखी दुरुस्ती चालवू नये, कारण आजारी डिस्कवर ती तासन्तास ताण आणते आणि कधी कधी नोंदीच बदलून टाकते.

उतरवून झाल्यावर डिस्कची प्रकृती पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत कार्यक्रम डिस्कची ‘स्मार्ट’ नावाची आरोग्यपत्रिका वाचून दाखवतो. निळे चिन्ह म्हणजे ठीक, पिवळे म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. ‘रिअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरांचे आकडे वाढत असतील तर त्या डिस्कवर यापुढे विश्वास टाकू नये. विभागणी बिघडून मजकूर दिसत नसेल तर टेस्टडिस्क आणि फोटोरेक, आणि डिस्क अडखळत वाचत असेल तर लिनक्सवरील डीडीरेस्क्यू ही मोफत साधने आहेत. शेवटचे साधन आधी चांगले भाग वाचून घेते आणि खराब भागांकडे मागाहून वळते. परंतु कोणती डिस्क वाचायची आणि कोणत्या डिस्कवर लिहायचे यात गल्लत झाली तर सर्व पुसले जाते, म्हणून ही साधने जाणत्या माणसाला शेजारी बसवूनच वापरावीत.

दुकानात नेताना

हे सर्व करूनही डिस्क दिसत नसेल, किंवा ती टकटक करत असेल, तर जाणकाराकडेच न्यावी. मात्र जाण्यापूर्वी डिस्कवरील कंपनी, मॉडेल आणि सीरियल क्रमांक लिहून घ्यावा व फोटो काढावा. दुकानदाराकडून पावती घ्यावी आणि तिच्यावर ‘मजकूर हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असे लिहून घ्यावे. तपासणीचे किती आणि मजकूर काढून देण्याचे किती, हे आधी वेगवेगळे विचारावे. मजकूर निघाला नाही तर पैसे द्यायचे की नाही हेही तिथेच ठरवावे. डिस्क बदलावी लागली तरी जुनी मागून घ्यावी. ती आपली मालमत्ता आहे, आणि घरातील आधारपत्रे, बँकेचे कागद व कुटुंबातील स्त्रियांचे फोटो परक्या दुकानात पडून राहणे बरे नव्हे. हे मागताना संकोच वाटण्याचे कारण नाही. ज्याचा व्यवहार चोख आहे तो पावती देतोच.

बिघाड होण्यापूर्वी

सर्व डिस्का केव्हा ना केव्हा बंद पडणारच. म्हणून महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात. त्यांतल्या दोन निरनिराळ्या साधनांवर आणि एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा इंटरनेटवरील खात्यात. गुणपत्रिका आणि दाखले यांपैकी जे २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये मिळतात ते तिथे आणून ठेवावेत. महिन्याचा एक रविवार ठरवून प्रती ताज्या कराव्यात, आणि हे काम घरातील मुलींकडे सोपवावे. त्या ते नेटाने करतात असा आमचा अनुभव आहे. वीज वारंवार ये-जा करणाऱ्या भागात साधा यूपीएस घ्यावा, कारण अचानक गेलेली वीज डिस्कला फार बाधते.

वाचकहो, हा लेख वाचून झाल्यावर दोन कामे आजच करावीत. बायोसच्या पानांचे फोटो काढून ठेवावेत, आणि ज्या कागदांवाचून मुलांचे शिक्षण अडेल त्यांची एक प्रत संगणकाबाहेर उतरवून ठेवावी. दोन्हींना मिळून अर्धा तासही लागणार नाही.